उजव्या कोपऱ्यातला केक

काकूंच्या उजव्या हातावर, मनगटाच्या जरा वर, एक गुळगुळीत आडवा डाग होता. ओव्हनच्या दाराच्या काठाचा. तो एकदाच भाजून पडलेला नव्हता. त्याच जागी भाजत, बरा होत, पुन्हा भाजत तो कायमचा झाला होता. कुणी विचारलंच तर त्या म्हणायच्या, "धंद्याचा शिक्का आहे." आणि बाही खाली ओढायच्या.

गल्लीत त्यांना सगळे केकवाल्या काकू म्हणत. तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या स्वयंपाकघरात एका भिंतीला ओव्हन होता, समोरच्या भिंतीला सिंक, आणि दोन्हींच्या मध्ये एक माणूस वळू शकेल एवढी जागा. दुसरं माणूस आत आलं की पहिल्याला पोट आत घ्यावं लागे. ओव्हन घरगुती नव्हता. मागच्या रस्त्यावरची एक बेकरी बंद पडली तेव्हा काकांनी तो हातगाडीवरून आणला होता. जिन्यातून वर चढवताना कठड्याचा एक टवका उडाला, तो अजून तसाच आहे. बेकरी का बंद पडली, हे त्या वेळी कुणी विचारलं नव्हतं.

त्या ओव्हनवर काकूंनी मुलाचं शिक्षण केलं, घराला रंग दिला आणि एका मोठ्या कचेरीच्या कँटीनला चहाबरोबर खायचे साधे केक पुरवले. वर क्रीम नाही, नक्षी नाही. लांबट साच्यातला पिवळा केक, वरून एकसारखा तांबूस. काका सकाळी डबे पोचवून येत आणि रिकामे डबे परत आणत. डब्यांबरोबर कँटीनवाल्याचा निरोप असे, बहुतेक वेळा एकच: "काकूंच्या हाताला गुण आहे." काकूंना हे वाक्य आवडायचं, पण ऐकून त्या कधी हसत नसत. कपाळाला आठी घालून म्हणत, "हाताला काय, लक्ष लागतं."

मग त्यांचा उजवा खांदा गेला. आधी केस विंचरताना दुखायचा, पुढे साधी कढई उचलवेना. डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं की शस्त्रक्रिया करावी लागेल आणि त्यानंतर बराच काळ ओझं उचलायचं नाही. भरलेले ट्रे तर नाहीच नाही.

घरात दोन दिवस कुणी कँटीनचं नाव काढलं नाही. नंतर सून म्हणाली, "आई, मी करते."

सून औषधांच्या दुकानात काउंटरवर होती. तिचा नवरा फिरतीच्या नोकरीवर, आठवड्यातून एकदा घरी येणारा. तिने फोनवर त्याला सांगितलं आणि दुकानातलं काम सोडून दिलं. मालकाने तिला स्पष्ट सांगितलं होतं की जागा धरून ठेवता येणार नाही, दुसऱ्या मुलीला घेतोय. म्हणजे परतीची वाट उरली नव्हती. केक जमले तर तिचं काम टिकणार होतं, नाहीतर कँटीन हातचं जाणार आणि दुकानही गेलेलंच.

शस्त्रक्रियेची तारीख मिळेपर्यंत काकूंनी तिला शिकवलं. शिकवण्यात काही कसर ठेवली नाही. लोणी किती मऊ हवं ते तिचं बोट धरून दाखवलं. साखर विरघळली की चमच्याचा आवाज कसा बदलतो ते ऐकवलं. मैदा घालताना ढवळायचं नाही, दुमडायचं, हे इतक्या वेळा सांगितलं की सून झोपेतही दुमडत असेल, असं काका म्हणाले. ट्रे आत गेला की काकू म्हणायच्या, "आता इथे उभी राहू नकोस. पुढचे साचे घासून घे." मग सून सिंककडे तोंड करून, नळ सोडून साचे घासत उभी राहायची. तिच्या पाठीमागे काकू ओव्हनपाशी स्टुलावर बसलेल्या असायच्या.

काकूंच्या देखरेखीखाली झालेले केक उत्तम व्हायचे. सुनेने एकटीने केलेले बिघडायचे. आणि बिघडायचे तेही चमत्कारिक. ट्रेच्या डाव्या बाजूचे साचे काळपट, कडा करपलेल्या. उजवीकडचे फिकट, आणि अगदी उजव्या कोपऱ्यातला तर सुरी घातली की ओला गोळा घेऊनच बाहेर यायची. शिवाय ओव्हन तापायला इतका वेळ घ्यायचा की सून दर थोड्या वेळाने काचेतून आत बघायची.

"ओव्हनमध्येच काहीतरी आहे," ती एकदा म्हणाली.

"माझ्या हाताखाली कसा चालतो मग?"

"ते मला कसं कळणार?"

"नाचता येईना, अंगण वाकडं," काकू म्हणाल्या. हळूच म्हणाल्या, पण त्या स्वयंपाकघरात हळू बोललेलंही कुठे जात नसे.

 सुनेने कच्चा केक ताटलीत काढला आणि चमच्याने खाऊन टाकला, बहुधा टाकून द्यायला नको म्हणून. रात्री काकांनी बायकोला म्हटलं, "मिस्त्रीला दाखवायला काय जातंय?"

"दाखवा. तुमचंही समाधान होऊ दे."

मिस्त्री आला तो एका हातात हत्यारांची पिशवी आणि दुसऱ्या हातात कापलेला पाव घेऊन. ओव्हन उघडण्याआधी पावाला विचारायचं, अशी त्याची पद्धत होती. रिकामा ट्रे घ्यायचा, त्यावर पावाच्या चकत्या काठोकाठ मांडायच्या, ओव्हन तापवून ट्रे आत सरकवायचा. जिथे चकती काळी तिथे आच जास्त, जिथे पांढरी तिथे कमी. "पाव खोटं बोलत नाही," तो म्हणाला. "माणसं म्हणतात कालपर्यंत ठीक होता. पाव असलं काही म्हणत नाही."

ट्रे आत गेला. मिस्त्रीने दाराची रबरपट्टी अंगठ्याने दाबून बघितली. ती वाळून कडक झाली होती आणि फटीतून गरम हवा हाताला लागत होती. नवी पट्टी आणायला तो खाली स्कूटरकडे गेला. काका त्याच्याबरोबर गेले, कारण कुणी खाली चाललं की काका बरोबर जातातच. सून पुढच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. मुद्दामच तिथे थांबली होती. परीक्षा ओव्हनची होती, पण निकाल आपला लागणार हे तिला कळत होतं.

स्वयंपाकघरात काकू एकट्या होत्या.

मिस्त्री परत आला, ट्रे बाहेर काढला, आणि सगळे वाकून बघू लागले. डावीकडून उजवीकडे, पुढून मागे, सगळ्या चकत्या एकाच रंगाच्या होत्या. जणू कुणी कुंचल्याने रंगवल्या होत्या.

"आच सगळीकडे सारखी आहे," मिस्त्री म्हणाला. "तापायला वेळ लागतोय तो या पट्टीमुळे. ही बदलतो. बाकी ओव्हनला काही झालेलं नाही."

काकूंनी सुनेकडे बघितलं नाही. तेच जास्त लागलं. नवी पट्टी बसली, ओव्हन किंचित लवकर तापू लागला, आणि पुढचा घाणा डावीकडे करपला, उजवीकडे कच्चा राहिला.

शस्त्रक्रिया झाली. काकू घरी आल्या त्या हात गळ्यात बांधून. त्या पलंगावर, सून ओव्हनपाशी, मध्ये भिंत. कँटीनचे निरोप बदलले. काका ते जरा मऊ करून सांगायचे, पण एक दिवस त्यांनाही शब्द सापडेना. "तो म्हणाला, या आठवड्यात सुधारलं नाही तर कारखान्याचे पाकीटबंद केक सुरू करतो. वाईट वाटतंय म्हणाला."

"वाईट वाटून घेऊ नको म्हणावं," काकू म्हणाल्या आणि भिंतीकडे वळल्या. दुखऱ्या कुशीवर वळल्या आणि परत सरळ झाल्या.

दुसऱ्या दिवशी काका काकूंना व्यायामासाठी दवाखान्यात घेऊन गेले. घरात कुणी नाही असं बघून सुनेने पाव आणला. मिस्त्रीने मांडल्या तशाच चकत्या ट्रेवर मांडल्या, काठोकाठ. ओव्हन तापवला, ट्रे आत सरकवला, आणि या वेळी साचे घासायला गेली नाही. स्टूल ओढून समोर बसून राहिली.

बाहेर काढलेला ट्रे बघून तिला रडू आलं नाही, उलट हसू आलं. डावीकडे कोळसा, मध्ये तांबूस, उजवीकडे चकत्या पांढऱ्याफटक. मिस्त्रीच्या हातून जो पाव खोटं बोलला नाही तो आपल्या हातून बोलतोय, असं तिला वाटलं. पाव भाजणंसुद्धा आपल्याला जमत नाही.

तिने ट्रे झाकला नाही, लपवला नाही. टेबलावर तसाच ठेवला.

काकू परत आल्या, पाणी प्यायला आत गेल्या, आणि ट्रेपाशी थांबल्या.

"हे काय?"

"मिस्त्रीसारखं करून बघितलं. माझ्याच्याने तेही होत नाही."

काकू चकत्यांकडे बघत राहिल्या. मग सहज, जसं कुणी मीठ घातलं का विचारावं तसं, त्यांनी विचारलं, "फिरवला नाहीस का?"

"काय फिरवायचं?"

"ट्रे."

"ट्रे फिरवायचा असतो?"

"मग? पहिला वास सुटला की..." काकू बोलता बोलता थांबल्या. त्यांचा मोकळा डावा हात ट्रेची कड धरल्यासारखा हवेत उचलला गेला होता आणि अर्धं वर्तुळ करून तिथेच राहिला होता.

"आई, हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत."

"नाही सांगितलं?"

"लोणी सांगितलंत, साखर सांगितलीत, दुमडायचं सांगितलंत. हे नाही."

काकू स्टुलावर बसल्या. सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं त्यात काही आहे हे त्यांनाच माहीत नव्हतं. वास बदलला की हात दाराकडे जायचा. बोलत असल्या तरी जायचा, फोनवर असल्या तरी जायचा, उजवा खांदा गेल्यावर डावा जायचा. चालताना डावा पाय मग उजवा, असं कुणी कुणाला सांगतं का? आणि मग त्यांना तो मिस्त्रीचा दिवस आठवला. सगळे बाहेर गेलेले, स्वयंपाकघर शांत, आणि पाव भाजल्याचा पहिला वास.

  काकूंनी पुढच्या खोलीकडे बघून हाक मारली, "अहो, मिस्त्रीला बोलवा. आजच्या आज."

काका दारात आले. त्यांनी ट्रे बघितला, बायकोचा चेहरा बघितला.

"अंगण वाकडंच होतं म्हणायचं," ते म्हणाले. "तुला त्यातच नाचायची सवय झाली."

"कळलं. फोन लावा."

मिस्त्री आल्यावर काकूंनी प्रस्तावना केली नाही. "त्या दिवशी पाव मी फिरवला होता. कधी फिरवला मला आठवत नाही, पण मीच. दुसरं कुणी नव्हतं."

मिस्त्रीने डोकं खाजवलं. "म्हणजे परीक्षा ओव्हनची आणि पेपर तुम्ही सोडवलात."

"आता त्याला सोडवू दे."

त्याने तळाचा पत्रा काढायला घेतला. स्क्रू गंजले होते, एकेकाला तेल पाजत बसावं लागलं. पत्र्याखाली दोन कॉइल होत्या, डावीकडे एक, उजवीकडे एक. डावी काळीभोर, जिवंत. उजवीवर राखाडी बुरशीसारखा थर, आणि मधोमध ती तुटलेली होती. त्याने मीटरच्या दोन तारा तिला लावल्या, काटा जागचा हलला नाही.

"ही काही आज-काल गेलेली नाही," तो म्हणाला. "गंज बघा. तुमच्याकडे येण्याआधीचीच असेल. अर्ध्या आचेवर चाललाय ओव्हन इतकी वर्षं. तापणार कसा लवकर?"

"बेकरी का बंद पडली ते आत्ता कळलं," काका म्हणाले.

काकूंनी तुटलेली कॉइल डाव्या हातात घेऊन बघितली. वजनाला काहीच नव्हती. मग ती खाली ठेवून त्यांनी नकळत उजव्या खांद्यावर हात ठेवला. एवढे ट्रे, भरलेले, तापलेले, अर्ध्यातून बाहेर ओढायचे, वळवायचे, आत ढकलायचे.  सुनेने चहा टाकला.

नवी कॉइल बसली. सुनेने त्याच संध्याकाळी घाणा लावला, ट्रेला हात न लावता. उजव्या कोपऱ्यातला केक तिने सगळ्यात आधी कापला आणि सुरी कोरडी बाहेर आली. ती सुरी तिने काकूंना दाखवायला नेली. काकूंनी सुरीवर बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "दुकानवाल्यांना सांग, त्या नव्या मुलीलाच ठेवा." एवढंच. काकू शब्दांत माफी मागायच्या नाहीत, सुनेला ते माहीत होतं.

कँटीनवाल्याने दुसऱ्या दिवशी निरोप पाठवला: काकूंचा हात बरा झालेला दिसतो. काका हसत हसत सांगू लागले, तेव्हा काकूंनी त्यांचा फोन मागून घेतला आणि कँटीनला लावला. "हात अजून गळ्यातच आहे," त्या कँटीनवाल्याला म्हणाल्या. "केक सुनेचे आहेत. आधीचेही तिचेच होते, पण दोष ओव्हनचा होता. आणि थोडा माझा."

खांदा बरा व्हायला ऋतू बदलला. डॉक्टरांनी हलकी कामं करायला परवानगी दिली त्या सकाळी काकू न सांगता स्वयंपाकघरात शिरल्या, बाही वर करून. मिश्रण त्यांनी केलं, साचे सुनेने भरले. त्या दिवशीचे केक मधोमध खाली बसले. अर्धवट भाजलेल्या केकवर गार हवा गेली की तो खचतो. दार कधी उघडलं गेलं, हे या वेळीही काकूंना सांगता आलं नाही.

काकांनी एक केक डोळ्यांसमोर धरला. "मध्ये तळं आहे. होड्या सोडाव्यात."

"मी नाही येत उद्यापासून," काकू म्हणाल्या. हे मात्र त्या खरंच म्हणाल्या, कुणाकडे न बघता. हाताचा डाग बाहीखाली गेला होता. ज्या गुणाचं आयुष्यभर कौतुक ऐकलं, तो आता या घरात अडचण झाला होता.

सून रिकामा ट्रे पुसत होती. "तुम्ही नाही आलात तर साखर विरघळल्याचा आवाज कोण ऐकणार? मला अजून नीट कळत नाही."

"खोटं बोलू नकोस. कळतो तुला."

"अर्धा कळतो."

दुसऱ्या दिवशी काकू आल्या. साखर ऐकली, मैदा दुमडला. सुनेने ट्रे आत सरकवला, दार लावलं आणि म्हणाली, "आता इथे उभ्या राहू नका. पुढचे साचे घासून घ्या."

काकूंनी तिच्याकडे जरा वेळ बघितलं. मग पोट आत घेऊन त्या तिच्या बाजूने सिंककडे गेल्या, नळ सोडला आणि साचे घासू लागल्या. पाठीमागे सून स्टुलावर बसली होती.

थोड्या वेळाने काकूंचे ओले हात पाण्याखाली थांबले.

"वास सुटला," त्या न वळता म्हणाल्या.

"हो," सून म्हणाली. "सुटू दे."

काकूंनी पुढचा साचा उचलला.