खिडकीतली प्रेक्षक

हे सांगणं मी आयुष्यभर टाळलं. ऐंशीच्या दशकात खालापूरजवळच्या आमच्या गावात टीव्ही फक्त आमच्याकडे होता. रविवारी गुप्तहेराची मालिका लागली की एक भाजीवाली पाटी उतरवून खिडकीशी उभी राही आणि पदराचं टोक दातांत धरून बघे.

मालिका संपली की वाद रंगे. ज्याला बायको सोडून गेली होती, तो गुप्तहेर एका डॉक्टरीणबाईच्या दारापर्यंत जाई आणि बेल न वाजवताच परते.

“दगड हाय रं तो!” एका रविवारी शेजारचे काका म्हणाले.

“दगड नाय वो,” ती खिडकीतून म्हणाली. “एकदा टाकलेल्या मानसाला दुसऱ्याचं दार वाजवायचं भ्या वाटतं.”

तिलाही नवऱ्याने टाकलंय, हे मला ठाऊक होतं. तरी मी म्हणालो, “मग तू कुणाच्या दारातून परत येतेस गं?”

सगळे हसले. ती पाटी उचलून गेली, ती पुन्हा खिडकीशी आली नाही.

थंडीत ती कर्जतच्या बाजारात दिसली. माफी मागायचीच, असं ठरवून मी तिच्यापुढे उभा राहिलो. वालाच्या शेंगा माझ्या पिशवीत ओतताना तिनेच विचारलं, “वाजवली का वो त्यानं बेल, शेवटी?”

“वाजवली,” मी म्हणालो आणि शेंगा घेऊन घरी आलो.