तेरणेचा डोह आणि नीलाची चांदीची डबी

गाडीच्या मागच्या दांडीला वाळक्या भोपळ्यांची माळ बांधली होती. गाडी हलली की भोपळे एकमेकांवर आपटायचे, टक टक टक, आणि त्या आवाजावर आम्ही पोरं धाराशिवच्या वेशीबाहेर पडलो. उजाडायला अजून अवकाश होता. निजामाचं राज्य होतं तेव्हा. सरकारी कागदावर गाव उस्मानाबाद, घरात आणि बाजारात धाराशिवच. पुढं जी धामधूम झाली तिच्या बऱ्याच आधीचा हा उन्हाळा. मी बारा-तेरा वर्षांची असेन.

तर झालं असं, की आमच्या मदरशात (शाळेत) करीममास्तर भूगोल शिकवायचे. नकाशा काढून घेता घेता एक दिवस म्हणाले, "तेरणा नदीवर बोट तर समद्यांनी ठेवलं. पाय कुणी ठेवलाय?" कुणीच ठेवला नव्हता. मग त्यांनी ठरवूनच टाकलं. सुट्टीत आठवडाभर नदीकाठी राहायचं, पवायचं, चुलीवर रांधायचं, डोंगर चढायचा. मुलगे एका पायावर तयार. पोरी वर्गात दोघीच, मी आणि माझी मैत्रीण नीला. घरचे म्हणाले, बाईमाणूस संगं असेल तर जा. तेव्हा माझी भागाआत्या पदर खोचून पुढं झाली. "बाईमाणूस हुडकता कशाला? म्या काय मेले व्हय?" तिनं स्वतःच बैल जुंपले. गाडी हाकण्यात आणि विहिरीत सूर मारण्यात आत्याला पेठेत जोड नव्हती.

नीलाचं सांगते. ती लिंगायत वाण्याची मुलगी. घरात कानडी, बाहेर मराठी. तिच्या गळ्यात शिवदाऱ्यात (दीक्षेच्या दोऱ्यात) ओवलेली चांदीची डबी असायची आणि डबीत तिचं इष्टलिंग. लहानपणी गुरूनं दिलेलं, जन्मभर अंगावर वागवायचं. रोज सकाळी न्हाऊन ती ते डाव्या तळहातावर घ्यायची, भस्म लावायची, बेल वाहायची. ते झाल्याबिगर अन्न नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही. पहिल्या दिवशी आम्ही भाकरी पुढ्यात घेऊन तिच्यासाठी थांबलो, तर आमच्यातला वात्रट दत्तू म्हणाला, "निले, तुझ्या देवाला सांग की जरा उरक म्हणून." नीला डोळे न उघडताच म्हणाली, "सांगितलं. तो म्हणतोय, दत्तूला उपाशी ठेव."

पहिला मुक्काम लेण्यांपाशी. आत शिरलो आणि उन्हाळा बाहेरच राहिला. काय ती गार सावली! अंधारात डोळे सरावले तसतशी समोरची भली मोठी बसलेली मूर्ती हळूहळू उजळत गेली, जणू आम्ही आलो म्हणून तीच जागी होत होती. दत्तूनं स्वतःचं नाव घेऊन हाळी दिली. नाव भिंतीभिंतीला लागून परत आलं, पण आवाज कुणा म्हाताऱ्याचा वाटला. दत्तू आत्याला चिकटून उभा राहिला.

"हळू रे," मास्तर म्हणाले. "झोप मोडंल त्यांची."

"कुणाची, मास्तर?"

"ज्यांनी कोरलं त्यांची."

बाहेर आलो तेव्हा ऊन पिवळं झालं होतं आणि मला वाटत होतं, आपण सकाळी आत गेलो ते शंभर वर्षांनी बाहेर आलो.

दुसऱ्या दिवशी उठून बघतो तर धपाट्यांचं गाठोडं मोकळं. आत्याचा ढवळा बैल निवांत रवंथ करत उभा, तोंडाला मिरचीचा वास! आत्यानं त्याला अशा शिव्या घातल्या की मास्तरांनी आम्हांला तोंडपाठ पाढे म्हणायला लावले, मोठ्यानं. मग हुलग्याचं माडगं (पातळ पेज) पिऊन निघालो.

तेरच्या वाटेवर चौकीचा जवान आडवा आला. भोपळ्यांकडं बघून म्हणाला, "क्या मास्तर, ये लष्कर किधर?"

"तेरणा जीतने."

"और हत्यार?"

मास्तरांनी भोपळ्यावर टिचकी मारली. जवान इतका हसला की त्यानं स्वतःच्या रांजणातलं पाणी आम्हांला पाजलं.

तेर हे गाव कसं आहे सांगू? तिथं पायाखाली गाव आहे, आणि त्याच्या खाली आणखी एक गाव. गावाच्या कडेच्या पांढऱ्या टेकाडांवर चाललं की खापऱ्या वाजतात. वाकलं की मणी सापडतो, लाल, निळा, कधी शंखाच्या बांगडीचा तुकडा. कुणाच्या हातातली असेल ती? माझ्याच एवढी मुलगी असेल का? असं मनात यायचं आणि उन्हात उभ्या उभ्या गुंगी यायची.

नदी उन्हाळ्यानं आटलेली. वाळूच वाळू, आणि वाळूत टरबुजांचे हिरवे वेल. वेलांची राखण करणारी एक बाई खोपीतून बाहेर आली.

"कुणाची रं पोरं? वेल तुडवू नगा."

"धाराशिवची हाव, मावशी. पवाया आलोत," आत्या म्हणाली.

"पवाया? मग ह्ये बगा." तिनं खोपीतली एक जुनी वीट आणली आणि घागरीत सोडली. वीट तरंगली! खोटं नाही सांगत, पानासारखी तरंगली. "हितल्या जुन्या इटा अशाच," ती म्हणाली आणि वीट पुसून पुन्हा उशाशी ठेवून दिली. ज्या गावात विटा तरंगतात तिथं आपण बुडणार कशा, असं मला आणि नीलाला अगदी पटलं.

वेलांच्या वरच्या अंगाला एक डोह होता. करंजांच्या सावलीत, काळा-हिरवा, हलत नसल्यासारखा. मुलगे मास्तरांबरोबर खालच्या बाजूला, आम्ही दोघी आत्याबरोबर वरच्या. आत्यानं पाठीला भोपळे बांधून आम्हांला पाण्यात ढकललं. पहिल्या दिवशी नुसतं नाका-तोंडात पाणी. दुसऱ्या दिवशी पाय जरा हलायला लागले.

तिसऱ्या दिवशी भोपळ्याची दोरी आवळताना नीलाची डबी बरगडीत रुतायला लागली. तिनं आम्हांला न सांगता एक केलं. शिवदारा गळ्यातून काढला आणि डबी भोपळ्याच्या दोरीला गाठ मारून बांधली. का, ते नंतर कळलं. तिचा हिशोब असा: आपण बुडलो तरी भोपळा वर राहील, म्हणजे देव बुडणार नाही.

ती पाण्यात शिरली आणि कशी कोण जाणे, त्या दिवशी तिचे हातपाय जुळले. काठावरून मी बघत होते. करंजांच्या सावलीतून ती उन्हाच्या पट्ट्यात आली, पाणी तिच्यापुढं रेशमासारखं उलगडत गेलं. डोहाच्या मध्यावर जाऊन ती वळली आणि हसली. तेवढ्यात मला दिसलं, भोपळे तिच्या मागं लांब एकटेच तरंगत होते. दोरी केव्हाच सुटली होती. नीला भोपळ्यांवाचून पवत होती आणि तिला पत्ताच नव्हता.

आत्यानं झेप घेऊन तिला काठाला आणलं. भोपळेही आणले. दोरी होती, डबी नव्हती.

नीला रडली नाही. करंजाखाली गुडघे जवळ घेऊन बसली, रिकाम्या गळ्यावर हात ठेवून. संध्याकाळी भाकरी नको म्हणाली. पाणीही नको. दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून सगळे डोहात. मास्तर बुडी मारून तळाची वाळू घागरीनं वर आणायचे, आम्ही ती आत्याच्या पिठाच्या चाळणीतून चाळायचो. शिंपले निघाले, खापऱ्या निघाल्या, एक हिरवा मणीसुद्धा निघाला. दत्तूचे डोळे बुड्या मारून मारून गुंजेसारखे झाले. टरबुजाच्या बाईनं एक टरबूज फोडून ठेवलं. लालबुंद. कुणी हात लावला नाही, त्यावर माश्या बसल्या.

दुपारपर्यंत नीलाच्या ओठांना चिरा पडल्या. असं ऊन, की वाळूवर पाय ठरेना. मास्तर ओल्या अंगानंच तिच्यासमोर बसले.

"बेटा, रोज्यात आमीबी पाणी पित न्हाय. पर लेकरावर रोजा लागू न्हाय. दोन घोट पी."

"तुमचा रोजा सांजच्याला सुटतो, मास्तर," नीला म्हणाली. "माझा कवा सुटायचा?"

मला त्या वेळी पहिल्यांदा भीती वाटली, की ही इथंच, आपल्या डोळ्यांपुढं, विझून जाईल.

टरबुजाची बाई म्हणाली, "आवं, पल्याडच्या वाडीत एक जंगमस्वामी आलेत. तेनला आना की." जंगम म्हणजे लिंगायतांचे गुरू. आत्यानं पुढचं ऐकलंच नाही. ढवळ्याची शेपटी पिरगाळून ती वाळूतून गाडी पळवत गेली. आम्ही ओल्या फडक्यानं नीलाला वारा घालत बसलो. ऊन, करंजाची सावली, चाळलेल्या वाळूचे लहान लहान ढीग. नीला डोळे मिटून कानडीत काही पुटपुटत होती. मला वाटत होतं, डोहच बोलतोय.

दिवस मावळतीला आला तेव्हा गाडी परतली. स्वामी चांगलेच म्हातारे, हाडकुळे. उतरायला मास्तरांनी हात दिला, त्यांनी तो धरला.

"बा मगळे (ये लेकी)," ते म्हणाले. "कुठं गेलं?"

"पाण्यात."

"पाण्यात कसं गेलं?"

नीलानं भोपळ्याची गोष्ट सांगितली. आम्हीही तेव्हाच पहिल्यांदा ऐकली. स्वामी ऐकत राहिले, मग त्यांचे खांदे हलायला लागले. हसत होते!

"म्हंजे, तो तुला राखतो का तू त्याला?"

"दोगं बी," नीला म्हणाली.

"नवं घरचे गुरू देतील. आज माझ्या हातावर हाय तेच तुझं." त्यांनी स्वतःच्या छातीवरचं वस्त्र सोडलं, त्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतलं. नीलानं अंघोळ केली, भस्म लावलं. बेल नव्हता जवळपास. दत्तू पळत जाऊन टेकाडापलीकडच्या देवळातून घेऊन आला. तिनं पाणी घातलं. ते स्वामींच्या कोपरावरून ओघळून वाळूत जिरत होतं आणि त्यात मावळतीचा रंग होता. मग त्यांनी तिच्या ओंजळीत तीर्थ दिलं.

ती प्यायली. ओंजळ तशीच पुढं ठेवून म्हणाली, "अजून."

"आता चरवीनं पी की ग. आता नुसतं पाणी हाय ते."

आम्ही सगळे एकदमच हसलो आणि एकदमच रडलो. मास्तर बाजूला जाऊन घागर तोंडाला लावून घटाघटा पीत होते. दिवसभर त्यांनीही पाण्याला तोंड लावलं नव्हतं, हे तेव्हा कुठं ध्यानात आलं.

राहिलेले दिवस स्वामी रोज सकाळी वाडीवरून यायचे. नीला पूजा करायची, जेवायची, पण पाण्यात काही उतरली नाही. काठावर बसून डोहाकडं बघत राहायची. आम्ही पवत होतो. आता मीही भोपळ्यांवाचून.

परतीच्या वाटेवर तिनं एकच विचारलं, "अप्पांना कसं सांगू?" अप्पा म्हणजे तिचे वडील. पेठेत किराणा दुकान, कमी बोलणारा माणूस. आत्या म्हणाली, "म्या सांगते." मास्तर म्हणाले, "ज़िम्मा माझा." नीला म्हणाली, "न्हाय. म्याच सांगते."

दुकानाच्या पायरीवर अप्पा वजन करत होते. नीलानं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तागडी त्यांच्या हातात तशीच लोंबत राहिली.

"भोपळे सुटले तवा तू कुठं हुतीस?"

"डोहाच्या मदी."

"मग काठाला कशी आलीस?"

"पवत हुते, अप्पा. मला ठावंच नव्हतं. मग आत्यानं धरलं."

अप्पा खाली बसले. मोठा माणूस असा पायरीवर मटकन बसलेला मी पहिल्यांदाच बघितला. डबीचं त्यांनी विचारलंच नाही. नीलाच्या डोक्यावरून, खांद्यांवरून, पाठीवरून नुसता हात फिरवत राहिले, सगळी जागच्या जागी आहे का बघावं तसं.

त्या आठवड्यातलं काय स्वप्न आणि काय खरं, हे मला आता नीट वेगळं काढता येत नाही. लेण्यातला आवाज, तरंगणारी वीट, पाण्यात मिसळलेला संध्याकाळचा रंग. माणसंही पांगली. मास्तर पुढं कुठं गेले, कळलं नाही. पण मी बसल्या बसल्या डोळे मिटले की ती वाळू अजून पायाला चटका देते. आणि नीलाची डबी तेरणेत कुठंतरी आहेच की. टेकाडातल्या मण्यांसारखी कधीतरी कुणाच्या पोराला सापडेल. ते पोर डबी तळहातावर घेऊन विचार करत बसेल, कुणाची असेल म्हणून.

त्याच उन्हाळ्यात घरच्या गुरूंनी नवं इष्टलिंग दिलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी अप्पा नीलाला घेऊन आमच्या मळ्यातल्या विहिरीवर आले. त्यांना स्वतःला पवता येत नव्हतं. पाण्याच्या वरच्या पायरीवर भिंतीला धरून उभे राहिले. "भागाबाई," आत्याला म्हणाले, "हिला नीट शिकवा. अर्धं नगं."

मग त्यांनी नीलाला जवळ ओढलं, शिवदारा गळ्यातून घेऊन काखेखालून फिरवला, पाठीवर गाठ मारली. ओढून बघितली. दुसरी मारली. ती पण ओढून बघितली. नीला पाण्याकडं बघत होती. अप्पांचा हात गाठीवरून निघत नव्हता.

"आता जा," ते म्हणाले.