मध्यंतरापर्यंतचे परीक्षण

पडद्यावरच्या रक्ताचा लाल उजेड पुढच्या रांगेतल्या पांढऱ्या टोप्यांवर पसरला होता. हिंगोलीतली ती भर दुपार. बाहेर रणरणते ऊन, आत कुऱ्हाडी, किंकाळ्या आणि शिट्ट्या! नायकाच्या प्रत्येक घावासरशी माणसे इतकी हर्षभरित होत होती, की मला त्या रक्तापेक्षा त्या हर्षाचीच शिसारी आली. मध्यंतराचे दिवे लागताच मी उठून घरी आलो.

मी तेव्हा हिंगोलीजवळच्या गोरेगावच्या शाळेत मराठी शिकवीत असे आणि एका साप्ताहिकात चित्रपटांविषयी लिहीत असे. पहिल्या भागानंतर तब्बल अकरा वर्षे रखडलेला हा दुसरा भाग. पुण्या-मुंबईच्या बहुतेक समीक्षकांनी त्याला झोडपले होते. एकाने मात्र त्याच रक्तपाताला ‘भव्य’ म्हटले होते. मी लिहिले, ‘हिंसेचा हा निर्लज्ज उत्सव कुणीही पाहू नये.’ अर्ध्यातून उठल्याचे तेवढे लिहिले नाही. केवढा विश्वास असतो माणसाचा स्वतःच्या अभिरुचीवर!

आठवड्याभरात चित्रपट हिंगोलीतून गेला. मग एका सकाळी शाळेच्या फाटकाशी मारुतीमामा दिसले. पुसेगावकडचे मेंढपाळ, त्यांची लेक माझ्या वर्गात होती. हातात माझ्या लेखाची घडी.

“सर, पोरीनं वाचून दाखवलं. तुमी पाहू नका म्हणले, म्हणून गेलो न्हाई. एवढंच सांगा, त्याला त्याचा भाऊ घावला का?”

पहिल्या भागाच्या शेवटी नायकाच्या धाकट्या भावाला पळवून नेतात, हे मी विसरूनच गेलो होतो.

“एवढं काय त्यात, मामा?”

“पहिला पार्ट आमी दोघा भावांनी औंढ्याच्या जत्रंत पाह्यला, तंबूत. दुसरा आला की संगंच पाहू, म्हणला होता धाकटा. त्याच साली कामाला म्हणून गेला. अजून पत्ता न्हाई.”

‘सापडला’ म्हणणे किती सोपे होते! पण जीभ वळेना. “मामा, मी अर्ध्यातूनच उठलो. रक्त बघवेना.”

ते चिडले नाहीत. “रगत पाहवलं न्हाई, ते बराबर,” ते सावकाश म्हणाले. “पण त्यो भावासाठीच लढून राहिला होता ना, सर? तुमी त्याला तिथंच सोडून आलात व्हय?”

पुढच्या रविवारी आम्ही दोघे नांदेडला गेलो; तिथे चित्रपट अजून चालू होता. मध्यंतरानंतर तर रक्ताला सीमाच उरली नाही. कितीदा मी डोळे मिटले! मामा मात्र पापणी न लववता बघत होते. अखेर भाऊ सापडला. दोघे एकमेकांच्या गळ्यात पडले, तेव्हा नुकताच घाव बसलेला एक माणूस पडद्याच्या कोपऱ्यात तडफडतच होता. मामा उपरण्यात तोंड खुपसून हुंदके देत होते. सारे थिएटर टाळ्या वाजवीत होते, आणि मीही.

परतीच्या बसमध्ये मामा म्हणाले, “आता लिहा, सर.”

काय लिहावे? आधी लिहिलेले खोटे नव्हते. ते रक्त आजही मला ओंगळच वाटते. मग माझे हात कशासाठी उठले? त्या भावासाठी, मामांसाठी, की त्या शेवटच्या घावासाठी? ठामपणे सांगता येत नाही. त्यानंतर कुठल्याच चित्रपटावर मी लिहिले नाही.