चपलांची रांग आणि बोलणारं मशीन

दवाखान्यात नोकरी केली की दोन गोष्टी न मागता साठतात: सॅम्पलच्या गोळ्या आणि किस्से. गोळ्यांना एक्स्पायरी असते, एवढाच फरक!

तिसगावजवळच्या आमच्या दवाखान्यात नंबर लावायची पद्धत एकच. सकाळी दारापुढे चपला रांगेत काढायच्या आणि खुशाल बाजारात जायचं. डॉक्टरांनी टोकनचं बोलणारं मशीन आणलं आणि ते चालवायला मला ठेवलं. "महिनाभर बघू, मॅडम. लोकांनी नाही वापरलं तर मशीन परत."

माझं काय, ते विचारायची हिंमत झाली नाही. दीड वर्षाच्या लेकीला मी अजून चमचा धरायला शिकवू शकले नव्हते. गावाला टोकन काय शिकवणार, कपाळ!

*

पहिल्याच दिवशी मशीन बोललं, "टोकन क्रमांक सात." कुणी हलेना. सातचा कागद समोरच्या आजोबांच्याच हातात!

"आजोबा, तुम्हाला बोलावतंय."

"मला? नंबर जेलात असत्यात, पोरी. मला नाव हाय!"

*

यावर आमचे जुने कंपाउंडर शेखचाचा यांनी तोडगा काढला. मशीन "टोकन क्रमांक बारा" म्हणालं की मागोमाग चाचा ओरडायचे, "बारा नंबर, म्हंजे गुडघेवाली मावशी! चला!"

"मग मशीन कशाला, चाचा?" डॉक्टर वैतागले.

"असू द्या साहेब. मला आठवन करून देतं ते!"

*

डॉक्टरही कॉम्प्युटरवर एका बोटाने माहिती भरायला लागले. एक बाबा बराच वेळ बघत बसले.

"डागदर, खोकला मला हाय. तुमी त्या डब्याला काय बघताय?"

"माहिती भरतोय, बाबा."

"भरा, भरा. त्याला बरं वाटलं की मग मी खोकतो!"

*

दुसऱ्या आठवड्यात सगळे टोकन घ्यायला लागले. मी हरखून बाहेर गेले, तर प्रत्येक चपलेखाली एकेक टोकन दाबलेलं आणि माणसं बाजारात! आत मशीन चपलांना हाका मारत होतं.

*

शेवटी मदतीला धावून आलं कुत्रं. एका काकूंची रांगेतली पहिली चप्पल तोंडात धरून पसार!

"माझा पयला नंबर कुत्र्यानं नेला वो!"

चाचा शांतपणे म्हणाले, "मग आता आधी त्याला तपासावं लागंल."

दुसऱ्या दिवसापासून टोकन मुठीत आणि चपला पायात!

*

महिन्याचा शेवटचा दिवस. नेमका लेकीला ताप. सासूबाई तिला दवाखान्यातच घेऊन आल्या. मी घाईघाईने टोकन काढून त्यांच्या हातात दिलं.

तेवढ्यात डॉक्टर दारात आले. ज्याच्या-त्याच्या हातात टोकन. "मॅडम, जिंकलात! मशीन राहणार, तुम्हीपण!"

मी डोळे पुसतेय, तोच त्यांची नजर उंबऱ्याकडे गेली. तिथे एकच चप्पल. गुलाबी. वीतभरसुद्धा नाही.

"ही कुणाची?"

सासूबाई माझ्याकडे बघत म्हणाल्या, "मला नका विचारू. माझ्याकडं टोकन हाय."

मी कॉम्प्युटरमध्ये डोकं घातलं.

चाचांनी मशीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि खणखणीत हाक दिली, "चला, गुलाबी चप्पल, आत या!"