दोरावरचा हात

चंदनला शहाणा म्हणावं की खुळा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आणि मला ठरवता येत नाही असं फार थोडं असतं, आमच्या वाडीत कोणालाही विचारा. देवबागला माझं घर समुद्राच्या अंगाला आहे, मागच्या दोन खोल्या पाहुण्यांना देते. शेजारचं कौलारू घर काशीबाईचं. चंदन तिचा एकुलता एक झील, लग्नाला कितीतरी वर्षं झाल्यावर झालेला. तो शाळेत जायच्या आधीच त्याचा बाप गेला. पोर वाढलं ते रापणीवर.

रापण काय ते सांगून टाकते, कारण माझ्याकडे येणारे पाहुणे ढीगभर फोटो काढतात आणि कळत कोणालाच काही नाही. होडी समुद्रात अर्धा वेढा घालत लांबच लांब जाळं सोडते. जाळ्याच्या दोन टोकांचे दोन दोर किनाऱ्यावर येतात आणि माणसं दोन रांगा करून ते ओढतात. मासळी वाळूत आली की वाटे पडतात. एक होडीचा, एक जाळ्याचा, आणि मग ज्याने ज्याने दोराला हात लावला त्या प्रत्येकाचा. तुम्ही कोण, कुठले, जोर किती लावलात, कोणी विचारत नाही. हात लावला की वाटा.

नवरा गेल्यावर काशीबाई त्या दोराला लागली ती सुटलीच नाही. कोणाच्या दारात उभी राहिली नाही. माझ्याकडून वाटीभर साखर नेली तरी संध्याकाळी चार बांगडे आणून ठेवणार. "फुकटचा माका पचणा नाय गो," म्हणायची. मला असा राग यायचा! शेजारधर्म म्हणून काही असतं की नाही? पण तिच्यापुढे कोणाचं चालतंय.

गेल्या दोन वर्षांत तिचा उजवा खांदा पार कामातून गेला. वेणी घालायला हात वर जाईना. मी घालून द्यायचे, शिव्या देत देत. मालवणचे डॉक्टर म्हणाले, ओढायचं काम बंद करा. ही हसली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा दोरावर.

चंदन तेव्हा इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला. कॉलेज आत, हायवेच्या बाजूला, म्हणून तिकडेच राहायचा आणि शनिवारी एसटीने घरी यायचा. शेवटच्या वर्षाला चार-चार जणांनी मिळून एक प्रोजेक्ट करायचा असतो. बाकीची पोरं तयार प्रोजेक्ट विकत आणतात आणि वर आपलं नाव घालतात, हे मला त्यानेच सांगितलं. हा म्हणाला, "काकी, मी रापण वडूचा मशीन करतलंय. आयेचो खांदो सुटाक व्हयो." रापण ओढायचं मशीन, बस्स, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. नोकरी नको, नंबर नको, आयेचा खांदा.

चौघांतला एक पहिल्याच महिन्यात दुसऱ्या ग्रुपात पळाला. राहिले तिघे. चंदन, नांदगावची प्राजक्ता आणि मालवणचा एजाज. प्राजक्ता काजूच्या बागायतीत वाढलेली, वाळूत आली की आधी चपला हातात घेणार, पण गणिताला वाघीण. एजाजच्या घरचं बंदरावर बोटींच्या इंजिनांचं दुकान. कामाला सोनं पोरगा, पण दहाला ये म्हटलं की साडेबाराला उगवणार. तिघांची बैठक माझ्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात. प्राजक्ताने कोणत्या महिन्यात काय करायचं त्याचा तक्ता करून माझ्या भिंतीला चिकटवला. काढताना रंगाचा पापुद्रा निघाला, अजून तसाच आहे. हिशेब आणि रिपोर्ट तिच्याकडे, इंजिन आणि लोखंडकाम एजाजकडे, आणि रापणीची मापं चंदनकडे. भांडायचे तर असे की पाहुणे खोलीतून डोकावून बघायचे. मी पेज वाढायचे आणि ओरडायचे, "गिळा आधी, मगे मारामारी करा!"

परवानगी हवी होती तांडेलाची, म्हणजे रापणीच्या म्होरक्याची. आमच्या रापणीचा तांडेल भिकाजी, तोंडाने फटकळ, पण माणूस सरळ. तो म्हणाला, "वडूक हात खंय मिळतत आता? जवान पोरां सगळी वॉटर स्पोर्टाक. करा तुमी. जमला तर बरा, नाय तर भंगारात घालू."

पहिल्यांदा लावलं तेव्हा भंगारातच जायची वेळ आली. रापणीचे दोन्ही दोर बरोबर यावे लागतात. मशीनने आपली बाजू भराभर ओढली, पलीकडे माणसं मागे राहिली, जाळं तिरकं झालं आणि सगळी तारली मासळी खालून निसटली. त्या दिवशी कोणालाच वाटा नाही. भिकाजीने "शिरा पडो त्या मशीनार!" म्हणून जे तोंड सोडलं, ते पोरांना ऐकून घ्यावं लागलं. प्राजक्ता रडली. एजाज म्हणाला, सोडूया रे हे, रेडिमेड घेऊया. चंदन मशीनशेजारी वाळूत बसून राहिला. काशीबाईने त्याला हाताला धरून उठवलं, डाव्या हाताने.

मग त्यांनी मशीनच्या दोर ओढणाऱ्या फिरत्या ड्रमला एक दांडा बसवला. दांडा सैल केला की दोर ड्रमवर नुसता घसरतो, आवळला की ओढला जातो. पलीकडच्या रांगेवर नजर ठेवून दांडा सांभाळायचा. प्राजक्ताने सगळं गणित नव्याने मांडलं, एजाज चक्क वेळेवर येऊ लागला, आणि शिमगा आटपल्यावर मशीन असं चालायला लागलं की भिकाजीसुद्धा गप्प बसला. मला खरंच कौतुक वाटलं. मी खोबऱ्याच्या वड्या केल्या होत्या.

परीक्षेला बाहेरगावचे सर आले, कॉलेजचे सर त्यांना घेऊन थेट किनाऱ्यावरच आले. सकाळीच चंदनने आयेला बजावलं, "आये, आज तू दोराक हात लावू नको हां. बाजूक बसान बघ." मशीनच्या बाजूने ओढणाऱ्या बायका, म्हातारे, सगळ्यांनाच त्याने हात जोडून तेच सांगितलं. सरांना मशीन एकटं चालताना दिसायला हवं होतं ना. काशीबाई नवं लुगडं नेसून होडीच्या सावलीत बसली. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, माझ्या झिलाची परीक्षा आसा.

आणि काय चाललं ते मशीन! दोन्ही दोर अगदी बरोबर आले. जाळं भरून बांगडे. बाहेरच्या सरांनी विचारलं, "या बाजूला पूर्वी किती माणसं लागायची?"

"बारा-चौदा, सर."

"आणि आता?"

"मशीनवर एक आणि दोर गुंडाळायला एक."

"म्हणजे दहा-बारा माणसं वाचली. उत्तम काम आहे. शाब्बास!" सरांनी तिघांशी हात मिळवले. भिकाजी मागेच उभा होता. त्याने होडीच्या सावलीत बसलेल्या माणसांकडे एकवार बघितलं आणि तो मासळीकडे वळला.

सर गेल्यावर वाटे पडले. होडीचा, जाळ्याचा, पलीकडच्या रांगेतल्या हातांचे, मशीनवरच्या पोरांचे. मग भिकाजीने आणखी एक वाटा घातला. "ह्यो मशीनाचो. डिझेलाक आणि दुरुस्तेक." आणि टोपली रिकामी झाली.

"आयेचो वाटो?" चंदनने विचारलं.

"हात खंय लावल्यान तिणा?"

"मीच सांगितलंय तिका, लावू नको म्हणान!"

"मगे? आता तेची गरजच खंय आसा?" भिकाजीचा आवाज चढलेला नव्हता, हेच वाईट. "हयसर इतकी माणसा बसली हत. तुझ्या आयेक दिलंय तर सगळ्यांका देवक व्हया. मगे मशीन कित्याक व्हया होता?"

मी मध्ये पडले. भिकाजीला नाही नाही ते बोलले. वीस वर्षं बाई तुझ्या दोरावर राबली, लाज वाटत नाही का म्हटलं. तो म्हणाला, "दीपिका, नियम मी केलंय काय? आज्याच्या आज्यापासून आसा. ह्याच नियमान तिका वीस वरसा वाटो मिळालो. तेव्हा तुमका बरो वाटलो."

तोंडात मारल्यासारखं झालं.

बघा, दोराची जाडी मोजली, जाळ्याचा भार मोजला, इंजिनाची ताकद मोजली. कॉलेजातल्या सरांना वाट्याचं माहीत नव्हतं, प्राजक्ताला नव्हतं. पण चंदन तर त्या वाट्यावरच वाढलेला. त्याला वाटलं, आयेचा खांदा सुटेल आणि वाटा आहे तिथेच राहील. आम्हा सगळ्यांनाच तसं वाटत होतं. कोणाच्या मनातही आलं नाही, की वाटा काशीबाईचा कधी नव्हताच, तिच्या हाताचा होता.

प्रोजेक्टला पहिला नंबर मिळाला. प्राजक्ताचा फोन आला, पार्टी कधी? चंदनने फोन माझ्या हातात दिला आणि निघून गेला. तो गेला होता भिकाजीकडे, मशीन परत मागायला.

"ने," भिकाजी म्हणाला. "मशीन तुझा. पण पुढल्या वरसाक पलीकडच्या बाजूचीय पोरां नसतली. मशीन गेला तर रापण बंद. मगे कोणाकच वाटो नाय. इचार कर आणि ने."

चंदनने मशीन नेलं नाही. नेऊन करणार काय? उलट तो दांडा दुसऱ्या कोणाला नीट जमेना आणि कॉलेजही संपलेलं, म्हणून हंगाम संपेपर्यंत रोज पहाटे मशीनवर तोच. त्याला एका हाताचा वाटा मिळायचा. पहिल्या दिवशी टोपली घेऊन घरी आला आणि आयेपुढे ठेवली. मी कुंपणाजवळच होते.

काशीबाईने टोपलीकडे बघितलं. "ह्यो तुझो. माझो खंय आसा?"

"तुझो-माझो येकच नाय काय गो, आये!"

"नाय," ती म्हणाली.

तिने बांगडे साफ केले, कालवण केलं, त्याला पोटभर वाढलं. आणि स्वतः पेज आणि लोणचं खाल्लं. रोज तेच. मी भांडले, चंदन रडला, ऐकेल तर ती काशीबाई कसली. माझ्याकडे काही मागायला येणंही तिने बंद केलं, कारण परत द्यायला चार बांगडे नव्हते. साखर घेऊन मी गेले तर म्हणाली, व्हयी नाय. खांदा मात्र बरा झाला. विश्रांती मिळाली ना! आता वेणी स्वतःची स्वतः घालते, आणि मला ते बघवत नाही.

मे महिना संपत आला होता, रापणीचे शेवटचेच दिवस. माझ्या खोल्या भरलेल्या, सगळे पाहुणे किनाऱ्यावर. मशीन चालू, दोर ताठ, जाळं जवळ येत चाललेलं. काशीबाई घरातून निघाली ती सरळ चालत आली, ड्रमच्या अलीकडे दोराला लागली आणि दोन्ही हातांनी ओढायला लागली. त्या दोराला तिच्या ओढण्याची काही गरज नव्हती. तो आपला जातच होता, आणि ही त्याच्याबरोबर एकेक पाऊल ड्रमकडे ओढली जात होती.

चंदनने मशीन बंद केलं. पलीकडची रांग ओरडायला लागली, कारण त्यांची बाजू पुढे येत होती आणि जाळं तिरकं होत होतं. भिकाजी ओरडला, "चालू कर रे! मासळी जातली!"

"आये, हात काढ."

ती सोडेना.

"आये, हात सापडात तुझो. काढ गो!"

"सापडांदे," काशीबाई म्हणाली. "लावलंय मी हात. बघल्यात मा सगळ्यांनी? लावलंय."

भिकाजी समुद्राकडे बघत राहिला. जाळं आणखी वाकडं झालं, पलीकडून शिव्या यायला लागल्या. चंदन मशीनवरून उतरला. आईच्या पुढ्यात उभा राहिला आणि तिची बोटं एकेक करून दोरावरून सोडवायला लागला. ती सोडत नव्हती. खांदा बरा झालेला, हातात जोर आलेला. पोराच्या तोंडावरून पाणी वाहत होतं आणि तो बोटं सोडवत होता. शेवटी तिचे दोन्ही हात त्याने तिच्याच पोटाशी नेऊन ठेवले, परत गेला, मशीन चालू केलं आणि दांडा आवळला.

काशीबाई मागे सरली, आणि माझ्याकडचे पाहुणे मोबाईल धरून उभे होते त्यांच्या बाजूला जाऊन थांबली. त्यातल्या एका मुलीने तिला विचारलं, "आजी, इथे रोज असं मशीननेच ओढतात का?"

"माका काय म्हायत नाय, बाय," काशीबाई म्हणाली. "मी बघूक इलंय."