आत्याचं ताट

शैला गेल्याचा फोन आला तेव्हा मी गाडीत होते. स्पीकरवर मधुकररावांचा, तिच्या नवऱ्याचा आवाज आला, "विनिताताई, ती गेली हो…" आणि पुढे नुसता श्वास. समोर राउंडअबाउट होता, रस्त्यांचा गोल चौक. इंग्लंडातल्या या मिल्टन कीन्समध्ये तो कुठे नसतो म्हणा! बाहेर पडायचा रस्ता कुठला हेच मला सुचेना, मी आपली गोल गोल फिरत राहिले. मागचा हॉर्न वाजवत होता आणि मी बंद काचेआडून त्याचा अस्सल पुणेरी उद्धार करत होते. शैला शेजारी असती तर म्हणाली असती, "विने, आधी बाहेर पड, मग भांड." या गोष्टीला आता काही आठवडे झालेत.

शैलाचं काम जगावेगळं होतं. कॅलिफोर्नियात तिनं बरीच वर्षं लोकांचे टॅक्स रिटर्न भरले. मधुकररावांची आयटीतली नोकरी त्यांना इकडे घेऊन आली, तेव्हा तिला वाटलं, सुटले. पण अमेरिकेचा पासपोर्ट असला की माणूस इंग्लंडात येऊन राहिला तरी तिकडचा रिटर्न काही त्याची पाठ सोडत नाही. त्यातून वर्षाच्या मधेच कॅलिफोर्निया सोडून आला असेल, तर केंद्राचा वेगळा आणि राज्याचा वेगळा. असे आमच्यासारखे पुष्कळ निघाले, आणि शैलाचं डायनिंग टेबल पुन्हा कागदांनी भरलं.

फाइल, ट्रे असलं काही ती वापरायची नाही. तिच्या लग्नात आलेली स्टीलची दोन मोठी ताटं होती, आपल्याकडे देणाऱ्याचं नाव कोरून देतात तशी. एकावर तिच्या मामाचं नाव, दुसऱ्यावर आत्याचं. मामा म्हणजे केंद्र, आत्या म्हणजे राज्य. समोरच्या माणसाची एकेक पावती उचलून ती विचारायची, "हे कुणाच्या ताटात?" आणि उत्तर स्वतःच द्यायची. घरपट्टी आणि राज्याचा टॅक्स मिळून मामा एका मर्यादेपर्यंतच वजा करू देतो, पुढे हात वर. आत्या घरपट्टी सगळी ऐकून घेते, पण तिला स्वतःला दिलेला टॅक्स वजा कर म्हटलं की ती फणकारते. घराच्या कर्जाच्या व्याजाला दोघांची मर्यादा वेगवेगळी. "एकानं नाही म्हटलं म्हणून दुसऱ्याला विचारायचंच नाही, असं कसं चालेल?" असं ती इतक्या पोटतिडकीनं म्हणायची, की जणू खरोखरच सख्ख्या नातेवाइकांचं भांडण चाललंय. माझी तिची ओळख आधी एवढीच, मराठी मंडळाच्या गणपतीत जेवायला शेजारी बसण्यापुरती.

मग अजित गेला. माझा नवरा. लेकीची नोकरी इथं म्हणून आम्ही दोघं कॅलिफोर्नियातलं सगळं गुंडाळून आलो होतो, आणि पुरती खोकीसुद्धा उघडली नव्हती तोवर त्याचं हृदय थांबलं. मी रडले नाही. कामापुरतं सोडून बोलणंच बंद झालं माझं. लेक काही विचारायची, मी "हं" म्हणायची. अजितचं नाव कुणी काढलं की मी उठून आत जायची. दिवसच्या दिवस असे गेले. लेकीनं घाबरून शैलाला फोन केला, निमित्त काय तर बाबांचा शेवटचा रिटर्न भरायचाय.

शैलानं फोनवर मला विचारलं, अजितच्या शाळेतल्या खर्चाच्या पावत्या आहेत का? तो फिजिक्स शिकवायचा, आणि मुलांच्या प्रयोगांसाठी लोहचुंबक, भिंगं, वायरी, बॅटऱ्या स्वतःच्या खिशातून आणायचा. मी त्यावरून आयुष्यभर कुरकुर केलेली. म्हटलं, त्या रिसायकलिंगच्या बिनमध्ये टाकल्या. नोकरीतले खर्च आता धरत नाहीत ना? अर्ध्या तासात बाई दारात! कोट न काढता थेट बिनपाशी. "डोक्यावर पडलीयस का? ते मामा धरत नाही! शिक्षकांच्या हातावर थोडं काहीतरी ठेवतो आणि दार लावून घेतो. आत्याकडे अजून चालतं. तिची अट एवढीच, की मिळकतीच्या ठरावीक हिश्श्याच्या वर जेवढं जाईल तेवढंच." तिनं अख्खा बिन घरासमोरच्या ड्राइव्हवर उपडा केला. शेजारची गोरी म्हातारी खिडकीतून बघत होती, तर हिनं तिला हात केला. सगळ्या पावत्या पिशवीत भरल्या आणि मला बजावलं, "शनिवारी घरी ये. कुठला खर्च कशाचा, ते तुलाच सांगावं लागेल. मला काय ठाऊक तो माणूस?"

गेले. जावंच लागलं, ती घ्यायलाच आली होती. तिनं पहिली पावती उचलली. "फुगे? फिजिक्सला?" मी म्हटलं, स्थिर विजेचा प्रयोग. "म्हणजे कसा?" मग सांगावं लागलं, की अजित फुगा स्वतःच्या टकलावर घासायचा, उरलेसुरले चार केस उभे राहायचे आणि वर्ग लोळायचा. सांगता सांगता मला हसू फुटलं, आणि हसता हसता असा हुंदका आला की टेबलाची कड धरावी लागली. शैलानं समजूतबिमजूत काही घातली नाही. पावती आत्याच्या ताटात ठेवली आणि भयंकर गोड, उकळून काळा झालेला चहा पुढं सरकवला. चहा तिला शेवटपर्यंत जमला नाही. त्या हिवाळ्यात शनिवारमागून शनिवार मी तिच्याकडे गेले. एका बैठकीत ती जेमतेम मूठभर पावत्या काढायची. मी चिडायची, "अगं, किती हळू काम करतेस! तुझी गिऱ्हाइकं टिकतात तरी कशी?" ती चष्म्यावरून बघायची. "आत्याला सगळं नीट समजावून सांगावं लागतं, बाई."

शेवटी बेरीज झाली. आत्याची अट काही पुरी होईना, रक्कम पार खाली राहिली. हाती शून्य. शैला म्हणाली, "राहिलं बघ." आणि मला वाईट वाटलं ते पैशांचं नाही, शनिवार संपले याचं. ते काही संपले नाहीत, पुढची सगळी वर्षं आम्ही काही ना काही निमित्त काढत राहिलो… पण ते वेगळं.

तिचे दिवस झाल्यावर मधुकररावांनी ते ताट माझ्या हातात दिलं. "तिनं सांगून ठेवलं होतं, आत्याचं विनीला द्या." मग जरा घुटमळून म्हणाले, "आता सांगायला हरकत नाही. तुमच्या त्या पावत्यांचं तिनं पहिल्याच संध्याकाळी बघितलं होतं. काही मिळणार नाही, हे तिला ठाऊक होतं. मी म्हटलं, मग कशाला बोलावतेस त्यांना? तर म्हणाली, पैसे कोण मागतंय? बोलती व्हायला हवी ती." मला इतका राग आला! लबाड कुठली! इतकी वर्षं, इतक्या गप्पा, आणि एका अक्षरानं बोलली नाही. गाडीत बसून मी ताट मांडीवर घेतलं आणि ढसाढसा रडले. शैले, अगं एकदा तरी सांगायचंस. निदान थँक यू म्हटलं असतं.

मधुकरराव त्यानंतर गप्पच झाले. जेवतात, फिरून येतात, टीव्ही आवाज बंद करून बघतात. तिचा विषय निघाला की उठून बागेत जातात. ते उठून जाणं मला चांगलं ओळखीचं. परवाच्या शनिवारी मी ताट घेऊन त्यांच्याकडे गेले, शैलाचा किचनमधला ड्रॉवर ओढून काढला आणि सरळ डायनिंग टेबलावर उपडा केला. रबरबँडं, अर्धवट मेणबत्त्या, बियांची पाकिटं, कुठली कुठली तिकिटं. ताट मधोमध ठेवलं. एक मळकं बसचं तिकीट उचललं आणि विचारलं, "मधुकरराव, हे कुणाच्या ताटात?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी काय करतेय हे त्यांना कळणारच होतं, त्यांनीच तर मला सगळं सांगितलं होतं. उठतील आणि बागेत जातील असं वाटलं. उठले खरे… पण टीव्ही बंद करायला. मग खुर्ची ओढून बसले, तिकीट माझ्या हातातून घेतलं, उलटसुलट केलं.

"कार्डिफ," ते म्हणाले. "चुकीच्या बसमध्ये चढलो होतो आम्ही. आणि ही माझ्याशी भांडायचं सोडून, त्या ड्रायव्हरला समजावत बसली…"

मी चहा टाकायला उठले. सावकाश, घाई कसलीच नाही. त्या घरात ड्रॉवर पुष्कळ आहेत.