मास्तरांची चिठ्ठी

माझी वहिनी म्हणजे शिस्तीचा कहर. जगभरातले लोक मिळून हौसेने एक सॉफ्टवेअर बनवतात, फुकट वाटतात. त्याच्या नव्या आवृत्तीत काय बदललं, याच्या टिपा ती लिहिते. घरी वापरायच्या श्वासाच्या मशीनमध्ये ते चालतं. आमचे बाबा आतल्या खोलीत तसल्याच मशीनवर, त्यामुळे वहिनी कुणाचा ढिसाळपणा खपवून घेत नाही.

पद्धत अशी, की बदल करणाऱ्याने सोबत एक चिठ्ठी कॉम्प्युटरवरच्या ठरलेल्या फोल्डरमध्ये टाकायची. बदल नाही तर चिठ्ठी नाही. चिठ्ठीत लिहिलेलं काम पार पडलं की चिठ्ठी आपोआप निघून जाते.

मध्यंतरी एक चिठ्ठी आली: "नळी निसटली तरी भोंगा वाजत नव्हता. आता वाजतो." तसा बदल कुणीच केला नव्हता. आणि खाली नाव मास्तरांचं! वहिनीला हे काम शिकवणारे मास्तर केव्हाच वारले होते.

"टवाळी करतंय कुणीतरी," मी म्हणालो. वहिनीने चिठ्ठी पुसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

"हसू नका भावोजी," म्हणत तिने टेबलावर चाचणीसाठी ठेवलेल्या जुन्या मशीनची नळी उपसली. भोंगा गप्प! माझी तर पाचावर धारण बसली. वहिनी हात धुऊन त्या दोषाच्या मागे लागली, दुरुस्ती करून ती बाबांच्या मशीनमध्येही घातली आणि चिठ्ठी निघून गेली. त्याच आठवड्यात बाबांची नळी निसटली, भोंगा बोंबलला, आम्ही धावलो. बाबा वाचले. मास्तरांना मी मनोमन हात जोडले.

पण लगेच त्यांची नवी चिठ्ठी आली: "आतल्या खोलीतलं मशीन बंद केलं. गरज उरली नाही."

वहिनी पांढरीफटक पडली. "बदल नाही तर चिठ्ठी नाही," असं पुटपुटत तिने ती पुसली. तेव्हापासून रोज सकाळी चिठ्ठी यायची, वहिनी पुसायची आणि मगच बाबांच्या चहाचं आधण ठेवायची.

"सूनबाई, आज उशीर का गं?" बाबा मास्क जरा बाजूला करून विचारायचे.

"जरा केर काढत होते, बाबा."

आज ती कॉम्प्युटरपुढे बसली ती बसूनच राहिली.

"भावोजी, चिठ्ठी तुम्ही पुसलीत?"

"छे! मी कशाला हात लावू?"

"मग गेली कुठे?"

आम्ही आत धावलो. नळी जागच्या जागी होती, मशीन इमानाने हवा ढकलत होतं, म्हणून भोंगा वाजला नव्हता. वहिनीने बाबांच्या कपाळावर हात ठेवला. मग दुसऱ्या हाताने मशीन बंद केलं.